तराइविनीचं अळणी संशोधन

तराइविनीचं संशोधन मी खाल्लं.

मुद्दाम नाही. वसतिगृहाच्या फ्रिजमध्ये झाकण घातलेल्या तीन वाट्या दिसल्या. आत रोउरोउ, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. एका वाटीला लाल दोरा बांधलेला, एकीला पिवळा, एकीला निळा. भुकेला माणूस दोऱ्यांचा अर्थ लावत बसत नाही. त्यात मी इतिहासाचा विद्यार्थी. आमच्याकडे पुरावा कुणी नारळाच्या दुधात शिजवत नाही, त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही.

आणि खरं सांगायचं तर तो माझा हक्कच होता. तराइविनीचं बेट आणि खोऱ्यातलं आमचं गाव वाइनिमोली हे एकमेकांचे ताउवु. मूळपुरुष एक, त्यामुळे ताउवुची वस्तू न विचारता उचलायची, त्याला तोंडावर नावं ठेवायची आणि त्याने चिडायचं नाही. चिडला की हरला.

तराइविनी मात्र चिडण्याच्या अगदी काठावर उभी होती. ही बाई आवाजाने चर्चच्या गायनवृंदाची मागची अख्खी रांग एकटी भरून काढते. आमच्या सुवा शहराच्या पावसात ती छत्री स्वतःवर न धरता पिशवीतल्या वजनकाट्यावर धरते.

"सेवानाया! त्या वाट्या कुठायत?"

"पोटात," मी म्हणालो. "तुम्ही बेटावरची माणसं रांधता तरी कशाला गं? निळ्या दोऱ्याचं इतकं अळणी होतं, बोटीत ओकणाऱ्यालाच द्यावं."

तिने उगारलेला डाव हवेतच राहिला.

"काय होतं? अळणी? कळलं तुला?"

"जीभ आहे मला."

तिने डाव खाली ठेवला आणि समोर बसली. मग मला कळलं, की महिनाभर तिचं काय चाललं होतं. जेवणातलं मीठ किती कमी केलं तर खाणाऱ्याला खटकतं, हा तिचा विषय. लाल दोऱ्याला पूर्ण मीठ, पिवळ्याला पाऊण, निळ्याला निम्मं. चाखायचं आणि कागदावरच्या हसऱ्या ते रडक्या चेहऱ्यांपैकी एकावर खूण करायची. वसतिगृहातल्या सगळ्यांनी चाखलं. सगळ्यांनी सगळ्या वाट्यांना सगळ्यात हसरा चेहरा दिला. एकाने तर चाखण्याआधीच खूण करून टाकली.

"एवढी पोरगी राबून वाढतेय आणि तिला तोंडावर वाईट म्हणायचं?" मी म्हटलं. "आपल्याकडे कोण म्हणेल?"

"तू म्हणालास ना."

"मी ताउवु आहे."

हे बोललो आणि जीभ चावली. तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते मला ओळखीचं होतं. ती माझ्या गावावर डोळा ठेवून होती.

तिचंही बरोबरच होतं. विद्यापीठाचा संशोधन दिवस पंधरवड्यावर आला होता. तिच्या मार्गदर्शक नायकर मॅडमनी सांगून ठेवलं होतं, की धड निष्कर्ष असेल तरच पुढच्या वर्षी संशोधनाला घेईन. नाहीतर बेटावर परत. तिथे काकांनी सहकारी दुकानाचा गल्ला तिच्यासाठी राखून ठेवला होता. आणि तिथे ती काय विकणार? मीठ.

शनिवारी आम्ही वाइनिमोलीच्या बसमध्ये बसलो. तिच्या मांडीवर काटा, माझ्या मांडीवर अळूचा भारा. यांगोना या मानाच्या पेयाच्या मुळ्यांची जुडी तिने गावाच्या प्रमुखासमोर ठेवली, रीतसर परवानगी मागितली, टाळ्या वाजल्या, वाटी फिरली. आणि तो सोपस्कार संपल्याबरोबर मोमो इलिएसा, माझे मामा, तिच्याकडे वळले.

"तर तू त्या बेटावरची. तिकडे अजून मासा शिजवायची पद्धत पोचलीय का?"

"पोचलीय ना मोमो. तुमच्याकडे आंघोळीची पोचली की कळवा, आम्ही बघायला येऊ."

गावचं सभागृह हसण्याने दणाणलं. तिचा चपलांचा जोड तेवढ्यात कुणीतरी लांबवला. तिने मामांची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली. एकूण स्वागत उत्तम झालं.

लाल दोऱ्याचं रोउरोउ रांधलं माझ्या मामीने, नेई सालानिएताने. पूर्ण मीठ म्हणजे गावच्या हाताचं मीठ, म्हणून तराइविनीनेच तसं ठरवलं होतं. बाकी दोन तिने त्याच चुलीवर, मामीच्या मोजानेच, मीठ तेवढं कमी करून केली. प्रत्येक वाटी तिने भरताना काट्यावर ठेवली. चटया पडल्या, प्रत्येकापुढे तीन वाट्या मांडल्या, उकडलेले कसाव्याचे कंद आले. कुठली वाटी कुणी रांधली हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग जे सुरू झालं त्याला चाखणं म्हणता येणार नाही. ती शिव्यांची मेजवानी होती.

"हे अळू की छपराचं गवत?"

"हिच्या बेटावर नारळ नसतात वाटतं. हे पाणी कुठल्या डबक्याचं?"

मामांनी लाल दोऱ्याची वाटी उचलली, घास घेतला आणि डोळे मिटले. "अशी बायको मिळाली असती तर मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नदीत उडी टाकली असती."

"ते मी रांधलंय," दारातून नेई सालानिएता म्हणाली.

मामांनी आणखी एक घास घेतला, फार सावकाश चावला. "दुसरा घास बरा आहे," ते म्हणाले.

नदी जवळच आहे, एवढंच मामी बोलली.

तराइविनी मात्र हसत नव्हती. तिने कागद गोळा केले होते. लाल, पिवळा, निळा, सगळ्यांखाली सगळ्यात रडका चेहरा. वसतिगृहात सगळे हसरे, इथे सगळे रडके. दोन्हींचा उपयोग सारखाच. ती खांबाला टेकून बसली आणि मामांची टोपी तिच्या डोळ्यांवर आली.

"दुकानात टोपी घालू देतात का रे?" तिने विचारलं.

एरवी मी तिला ऐकवलं असतं, पण ताउवुपणालाही एक मर्यादा असते. मी समोर बघितलं. समोर मामा बोलतच होते. पिवळ्या दोऱ्याच्या वाटीबद्दल त्यांचं मत फारच वाईट होतं, आणि ते सांगता सांगता कसाव्याच्या तुकड्याने ते वाटीचा तळ पुसून खात होते. त्यांची निळी वाटी शेजारी अर्धी पडून होती.

मी तराइविनीला कोपराने ढोसलं. तिने टोपी वर केली. बघितलं. आणि ती अशी ओरडली, की गायनवृंदानेही तिला हळू म्हणायला सांगितलं असतं.

"नेई! एकही वाटी धुवायची नाही!"

मामी भरलेली बादली घेऊन तशीच थांबली. तराइविनीने काटा मांडला आणि एकेक वाटी ठेवायला लागली. लोक भोवती जमले. काटा चालू असताना मामांनी गुपचूप निळ्या वाटीतलं उरलेलं संपवायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने त्यांच्या हातावर डाव मारला. ताउवु असल्याने त्यांना रागावता आलं नाही.

लाल वाट्या चाटूनपुसून रिकाम्या. पिवळ्याही तशाच. निळ्यांत मात्र बहुतेकांचं उरलं होतं. पाऊण मिठाचं रोउरोउ गावाने शिव्या देत संपवलं होतं, निम्म्या मिठाचं शिव्या देऊनच सोडलं होतं.

संशोधन दिवशी विद्यापीठाच्या सभागृहात वटवाघळांवरचा प्रकल्प होता, लढाईतल्या आठवणींचा होता, डासांचा होता. बक्षीस वटवाघळांनी नेलं. तराइविनीच्या तक्त्यासमोर चष्मा लावलेले एक पाहुणे थांबले.

"लोकांचं मत विचारलं नाही तुम्ही?"

"विचारलं होतं सर. वसतिगृहाने भीड ठेवली, गावाने नाही ठेवली. मग विचारणं सोडलं आणि उरलेलं मोजलं."

"पण एकाच गावावरून...?"

"तेच तर. आणखी गावं हवीत," ती म्हणाली, आणि नायकर मॅडमकडे बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी काटा मोठा घेऊ."

ती बातमी मी फोनवर गावी कळवली. मामांना आनंद झाला, पण त्यांनी तो दाखवला नाही. ते म्हणाले, "आम्ही तिचं खाऊन तिला नावं ठेवली. आता तिच्या बेटाने इथे येऊन आमचं खाऊन आम्हाला नावं ठेवायला पाहिजेत. ते जेवण आपण त्यांना देणं लागतो, सांग तिला."

सांगितलं. तिने बेटावर कळवलं आणि बेट निघायला तयारच बसलंय. रांधायचं कुणी, यावर मात्र वाइनिमोलीत अजून एकमत नाही. मामी म्हणते, मामांनी.