सात वेळा ‘यहाँ क्लिक करें’

माझ्या धाकट्या बहिणीचा कॉलेजप्रवेश बाबांच्या हातून रद्द झाला, असं नातेवाईक अजून म्हणतात. मला ते मान्य नाही.

बाबा इथे हिंदी मुलखात, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मशीनवर होते. तिथे भिंतीवरच्या सूचना वरून खाली, एकही न गाळता पाळायच्या, नाहीतर बोट जायचं. त्याच शिस्तीने त्यांनी मला शिकवलं. घरातली पहिली पदवी माझी आहे, ती त्यांच्यामुळेच.

त्या दिवशी मी ऑफिसात होते, म्हणून बहिणीची जागा पक्की करायला कॉलेजच्या वेबसाइटवर तेच बसले. पानावर एकाखाली एक सात लिंक होत्या आणि सातही ठिकाणी फक्त ‘यहाँ क्लिक करें’ लिहिलेलं. बाबांनी क्रमाने सगळ्या दाबल्या. पाचवी प्रवेश सोडण्याची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉलेजात गेलो, तेव्हा प्रवेशाच्या खिडकीवरचा बाबू हसला. “अंकल जी, सब थोड़े ही दबाना था!”

बाबा खाली बघत मला म्हणाले, “मी काहून घाई केली, पोरी?”

“घाई नाही केली बाबा. लिहिलं तेच केलं.” मग मी बाबूला विचारलं, “भैया, उस पर ‘प्रवेश रद्द करें’ लिखने में क्या जाता था?”

“सब समझ जाते हैं, दीदी.”

मी तिथेच तक्रार लिहून दिली: माझ्या वडिलांना समजलं नाही, कारण समजण्यासारखं तिथे काही लिहिलेलंच नव्हतं.

बहिणीला दुसऱ्या यादीत जागा मिळाली, पण तोवर तिला हव्या असलेल्या विषयाच्या जागा भरल्या होत्या. ती आज दुसराच विषय शिकते आहे. ते पान मात्र अजून तसंच आहे.