सहा चोक चोवीस

आता काय सांगू तुम्हाला, ऐकाल तर हसाल! गुहागरच्या अंगाला एक आटपाट वाडी होती. तिथं एक म्हातारी होती, तिला दोन लेक होते. थोरला सुधाकर बोटीवर, धाकटा मधू मुंबईत. म्हातारी कोण? मीच की!

सुधाकर दर सहा महिन्यांनी घरी यायचा, मधू दर चार महिन्यांनी. वैशाखात दोघं एकाच दिवशी निघाले. अंगण झाडता झाडता मनात आलं, आता दोघं एका पंगतीला परत कधी?

शाळेची पायरी मी चढले नाही, पण पोरांचे पाढे ऐकून ऐकून तोंडपाठ! सहा चोक चोवीस. चोवीस महिने! अहो, दोन वर्षं! तोवर मी असेन का?

मग काय, जीवच उडाला. मोठा टोप शेजारच्या सुमनला देऊन टाकला. माझ्या मूठभर भाताला टोप कशाला? संध्याकाळी बोलायला कोण, तर भिंतीवरची पाल. तीही चुकचुकून आत जायची.

भाद्रपदात मधू आला, एकटाच. कार्तिकात सुधाकर, एकटाच. पौषात पुन्हा मधू. त्याच्यासमोर मी "चोवीस महिने रे!" म्हणत हमसून रडले.

"आये, चोवीस कुठनं काढलंस?"

"मला शिकवतोस? पाढे तुझ्यापेक्षा मला येतात!" पुढं बोलूच दिलं नाही त्याला.

वैशाख आला. एका सकाळी बघते, तर दारात दोघं! मी कपाळावर हात मारला.

"मेल्यांनो, नोकरी कोणाची गेली?"

"कोणाची नाही गो!"

"खोटं बोलू नका! चोवीस व्हायचेत अजून!"

माझा गलका ऐकून वाडी गोळा झाली. सुमन धापा टाकत आली, "काकी, कोण गेलं?"

"नोकरी!"

मधूनं ओटीवर बारा सुपाऱ्या रांगेत मांडल्या. "एक सुपारी म्हणजे एक महिना. चौथ्या, आठव्या, बाराव्या सुपारीला मी. सहाव्या, बाराव्याला दादा. बघ, बाराव्यावर दोघं! चोविसाव्यालाही भेटू, पण त्याआधी हे बारा आहेत ना?"

मी बोट लावून पुन्हा मोजल्या, तरी बाराच! सुमननं टोप परत आणला, वर टोमणा, "काकी, भात किती चोक टाकू?"

दोघं पाटाला पाट लावून जेवले. डोळे निवले हो!

पुन्हा निघाले, तेव्हा मी कोरडी ठणठणीत. सुमन म्हणाली, "काकी, आज रडं नाही?"

म्हटलं, "अगो, ह्या वर्षाचं आगाऊच रडून झालंय!"