अकरावा धडा, एकेचाळीस वेळा

ओक पिलनाम हे नाव वाचून कुणी कोकणातल्या ओकांशी नातं जोडू नये. हे ओक कोरियातल्या तोंगयोंगच्या खाडीवरचे, पिढ्यानपिढ्या समुद्रावर पोट भरणारे. आणि पिलनाम म्हणजे ‘आता तरी मुलगाच’. घरात चौथी मुलगी जन्मली तेव्हा आजोबांनी चिडून हे नाव ठेवलं, आपल्याकडे नकुसा ठेवतात तसं. नावाचा काही उपयोग झाला नाही. पाठोपाठ पाचवी मुलगीच झाली आणि आजोबांनी बारशाला यायचं सोडून दिलं.

सहावीनंतर पिलनामची शाळा सुटली. शेवटच्या दिवशी ती गुरुजींच्या पायाशी वाकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कालवांच्या शेडमध्ये उभी राहिली. मग पन्नास वर्षं तिथेच. बोथट सुरी शिंपल्याच्या सांध्यात घालायची, मनगट फिरवायचं, मांस भांड्यात, शिंपला पाठीमागे. समुद्रातल्या लाटा मोजणं सोपं, पण तिने किती कालवं फोडली ते मोजणं नाही. आज ती पासष्ट वर्षांची आहे. तिची बोटं पाहिली की एवढी वर्षं ती सुरी कुणी धरली होती ते वेगळं सांगावं लागत नाही.

नवरा मानबोक बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. वाचेतला एकच शब्द शिल्लक राहिला: ‘बरं’. जेवायचं का? बरं. खिडकी लावू? बरं. दुखलं तरी ‘बरं’च, फक्त सूर वेगळा. ते सूर ओळखायला पिलनामला वर्ष लागलं, आणि तिच्याशिवाय ते जगात कुणालाही कळत नाहीत. तिने शेड सोडली आणि नवऱ्यापाशी बसली.

मुलगा जेहू बुसानला असतो. स्वभावाने वाईट नाही, पण सगळ्या गोष्टी लवकर उरकाव्यात असं त्याला वाटतं.

"आई, बाबांना इकडच्या शुश्रूषालयात ठेवू. तिथे शिकलेली माणसं असतात."

"मी काय करते मग तीन वर्षं?"

"तू करतेस, पण तुला शास्त्र कुठे येतं? कुठे काही चुकलं म्हणजे?"

शास्त्र! पन्नास वर्षांत तिला कुणी हा शब्द तोंडावर मारला नव्हता. भांडण रंगलं आणि शेवटी तोडगा निघाला. काळजीवाहकाचा अभ्यासक्रम आता फोनवर, चित्रित धडे पाहून करता येतो. पिलनामने तो पुरा करून परीक्षा दिली आणि पास झाली, तर गावचं सेवा केंद्र तिलाच मानबोकची काळजीवाहक म्हणून नेमेल आणि जेहू पुन्हा शुश्रूषालयाचं नाव काढणार नाही. नापास झाली तर वसंतात मानबोक बुसानला. तिथे त्याच्या ‘बरं’चा सूर कोण ओळखणार? तिने नाव नोंदवलं.

पहिल्या धड्याच्या दिवशी तिने केस विंचरले, घरातले कपडे बदलून मुलाच्या लग्नातला ब्लाउज घातला, बुटक्या टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा केला आणि समोर गुडघे मुडपून बसली. फोनच्या चौकटीत नामगुंग बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, सोलच्या प्राध्यापक. बाईंनी "नमस्कार" म्हणताच पिलनामने कपाळ जमिनीला लावलं. वर पाहिलं तर डोळे भरून आलेले. एवढी विद्वान बाई, एकशे बारा पायऱ्यांच्या टेकडीवरच्या आपल्या स्वयंपाकघरात, नुसती आपल्याला शिकवायला आली! तिच्यासाठी हा खरोखरचा चमत्कार होता. मला विचाराल तर आहेच. आपण फोन उशाशी घेऊन झोपतो म्हणून आपल्याला तो दिसत नाही.

शेजारची कुमओक ही तिची शेडमधली मैत्रीण. तिने हाच अभ्यासक्रम दोन वर्षांपूर्वी केलेला. एकदा ती माशाचं कालवण घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अगं जेहूची आई, फोनला काय वाकतेस? आत कोण बसलंय?"

"बाई बसल्यात. हळू बोल."

"त्या बाई आत्ता सोलला घरी जेवत असतील!"

"असतील. पण शिकवतायत ना?"

"वेडीच आहेस. मी तर आवाज बंद करून फोन फळीवर ठेवायचे आणि किमचीच्या कोबीला मीठ चोळत बसायचे. ते यंत्र मधूनमधून विचारतं ना, आपण समोर आहात का, तेव्हा कोपराने दाबायचं. फळ्यावर लिहिलेलं परीक्षेआधी वाचलं, झाले पास! सगळे असंच करतात."

"सगळे करतात ते मला कशाला सांगतेस? मांजर येईल, कालवणाला झाकण घाल."

यंत्र तिलाही विचारायचं. ती आधी तोंडाने "हो, आहे" म्हणायची आणि मग बोट लावायची. अडचण वेगळीच होती. धड्याच्या मध्येच मानबोकला उठवावं लागे, कूस बदलावी लागे, कधी चादर धुवावी लागे. धडा मध्येच थांबवायचं बटण असतं, ते जेहूने तिला दाखवलं होतं. पण शिक्षक बोलत असताना त्यांचं तोंड बंद करायचं? हे तिच्याने होईना. ती वाकून "बाई, जरा जाऊन येते" म्हणायची आणि बाईंना बोलू द्यायची. मग यंत्राच्या प्रश्नाला उत्तर देणारं कुणी नसे, यंत्र धडा रद्द करी आणि पिलनाम परत पहिल्यापासून ऐकायला बसे. असा एकेक धडा पाच-सहा वेळा झाला. तिची तक्रार नव्हती. बाईंना मात्र आपल्यामुळे पुन्हा पुन्हा तेच बोलावं लागतं, याचं तिला वाईट वाटे.

मग अकरावा धडा आला: एक बाजू लुळी असलेल्या माणसाला कपडे कसे घालावेत.

हे तर तिचं रोजचं काम. शर्ट घालताना अधू हात आधी बाहीत घालायचा, धडधाकट हात मागाहून. काढताना उलट. कुणी शिकवलं नव्हतं. मानबोकच्या खांद्यानेच शिकवलं होतं. आणि नामगुंग बाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या, घालताना धडधाकट हात आधी घाला.

पिलनाम सुन्न झाली. बाईंच्या मागच्या फळ्यावर मात्र ती करायची तसंच लिहिलं होतं. पण लिहायला काय, कुणीही लिहितं. बाई स्वतःच्या तोंडाने बोलल्या ते खोटं कसं असेल? दुसऱ्या दिवशी तिने बाईंच्या सांगण्याप्रमाणे करून पाहिलं. अधू हात मागे खेचावा लागला आणि मानबोक कळवळून "बरं!" ओरडला. आपल्याच ऐकण्यात काही सुटलं असणार असं ठरवून तिने तो धडा परत लावला. मग परत. रोज. पुढे बाई ‘पण अमुक वेळी’ असं काही म्हणत असतील, ते आपल्या जाड डोक्यात शिरत नसेल. नवऱ्याला ती आपल्या पद्धतीनेच कपडे घालायची, आणि चोरी केल्यासारखं तोंड करून धड्याला बसायची.

परीक्षेला बारा दिवस राहिले असताना अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेचा फोन आला. बोलणारे साहेब प्यो नावाचे, खोटी हजेरी पकडणं हे त्यांचं काम.

"मावशी, तुमचा परीक्षेचा क्रमांक रोखून धरलाय. एकच धडा एकेचाळीस वेळा चाललाय. माणूस असं करत नाही, आपोआप चालवणारं काही तरी लावलेलं असतं. परवा दुपारी दोनला फोनच्या पडद्यावर या. विषयाच्या प्राध्यापकही असतील. पटलं नाही तर नाव कमी होईल."

नाव कमी, म्हणजे मानबोक बुसानला. पण त्याहून तिला धास्ती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. बाई स्वतः असणार होत्या. आणि एकेचाळीस वेळा का, हे सांगायचं म्हणजे बाईंच्या तोंडावर त्यांची चूक काढायची.

ठरल्या दिवशी दुपारी दोनला ती तोच ब्लाउज घालून बसली. शेजारी खुर्चीत मानबोक, अंगात बनियन. पडद्याच्या एका चौकटीत प्यो साहेब, दुसरीत नामगुंग बाई, तिसरीत ही दोघं. पिलनामने कपाळ टेकलं ते लवकर उचललंच नाही.

"मावशी, सरळ बसा, दिसत नाही तुम्ही," प्यो साहेब म्हणाले. "एकेचाळीस वेळा कुणी लावला धडा?"

"मीच."

"का?"

"डोकं मंद आहे माझं, साहेब."

बाई म्हणाल्या, "त्या धड्यात काय आहे, आठवेल तेवढं सांगाल?"

पिलनामने डोळे मिटले. "नमस्कार. सोलमध्ये आज कडाक्याची थंडी आहे, तुमच्याकडे कशी आहे? मी सांगितलं, इथे वारा आहे, थंडी एवढी नाही. मग बाई म्हणाल्या, कपडे हे नुसतं अंग झाकणं नाही, त्यात माणसाची इज्जत असते." आणि ती बोलत राहिली, शब्दाला शब्द, अडखळल्याशिवाय. "इथे बाईंना खोकला आला. पाणी प्यायल्या. माफ करा म्हणाल्या. मी म्हटलं, असू द्या, घसा जपा. मग बाईंनी विचारलं, तुमच्या घरी असं कुणी आहे का? मी सांगितलं, आहेत, हे आहेत."

नामगुंग बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

प्यो साहेब मात्र कसलेले. "पाठ काय, पोपटही करतो. शेजारी नवरा आहेत ना? शर्ट घालून दाखवा."

पिलनामने शर्ट उचलला आणि तिचे हात थांबले. एकीकडे बाई, एकीकडे नवरा. तिने बाईंकडे पाहिलं, मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली आणि त्याचा धडधाकट हात बाहीत घातला. मग अधू हात मागे घेऊ लागली.

"बरं!" मानबोक कळवळला.

तो सूर ऐकल्यावर तिला राहवलं नाही. तिने शर्ट काढला आणि अधू हाताची बोटं मुठीत धरून तो हात आधी बाहीत घातला, मग पाठीवरून शर्ट फिरवून दुसरा. क्षणात झालं. मानबोकच्या भुवईचा केसही हलला नाही.

"पण धड्यात हे असं सांगितलंय का?" प्यो साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. धड्यात आहे तेच बरोबर. चुकले मी," पिलनाम म्हणाली. "पण यांच्या हाताने तो धडा ऐकलेला नाही ना."

प्यो साहेब काही तरी लिहू लागले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. धड्यात मी काय म्हटलंय?"

"धडधाकट हात आधी."

"मी?"

"तेविसाव्या मिनिटाला, बाई. फळ्यावर उलटं होतं, ते लिहिणाऱ्याचं चुकलं असेल. तुम्ही पुढे काही तरी समजावून सांगत असाल, ते माझ्या कानातून निसटलं असेल, म्हणून परत परत ऐकत होते."

बाईंनी तिथल्या तिथे तो धडा लावला. चौघांनीही ऐकला. फळ्यावर बरोबर होतं आणि बाईंच्या तोंडून, त्यांच्या स्वच्छ, ठाम आवाजात, उलटं निघालं होतं.

पिलनामला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

"सहा वर्षं झाली हा धडा करून," बाई म्हणाल्या. "वीस हजार लोकांनी पुरा केला."

"एकही तक्रार नाही मॅडम," प्यो साहेब घाईने म्हणाले.

"कशी येईल? ऐकलं कुणी?" बाईंचा आवाज चिरकला. "बिनखिडकीच्या खोलीत एका भिंगाकडे बघून बोलते मी. प्रश्न विचारला की तीन सेकंद थांबते, वर्गात थांबायचे तशी. पलीकडे कुणी उत्तर देत असेल, असं मला एकदाही वाटलं नाही." मग त्या पिलनामकडे वळल्या. "घसा आता बरा आहे. तुम्ही जपायला सांगितलं होतं."

असं म्हणून त्या उठल्या आणि कमरेत वाकल्या, इतक्या खाली की चौकटीत नुसती रिकामी खुर्ची राहिली. पिलनाम घाबरून त्यांच्याहून खाली वाकली. प्यो साहेबांना काय करावं कळेना, तेही उभे राहिले आणि त्यांचं डोकं चौकटीबाहेर गेलं. तीन चौकटींत मिळून माणूस दिसत होता तो एकटा मानबोक, शर्टाची बटणं उघडी, आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, "बरं."

बाई सरळ झाल्या तेव्हा त्यांचा आवाज परत वर्गातल्यासारखा होता.

"प्यो, यांचा परीक्षेचा क्रमांक आत्ताच्या आत्ता द्या. खोटी हजेरी शोधायचीच असेल, तर त्या बाकीच्या वीस हजारांची शोधा."