त्यांच्या गाईचं दूध

परवा वडनेरच्या एका दुकानात सरकीच्या ढेपेचा वास आला आणि आमचा गोठा आठवला. मेलेली जनावरं ओढायला नकार दिला म्हणून गावानं एका बौद्ध कुटुंबावर बहिष्कार टाकला होता. त्यांच्याकडचं काही घेईल तोही बहिष्कृत. आईनं त्या चौघांना गाईसकट गोठ्यात ठेवून घेतलं. सकाळी पाटील आले.

"वहिनी, त्याइले काढा. नाई त तुमचीबी गुरं गुराखी नेनार नाई."

"चहा घ्या, भाऊजी."

कप रिकामा झाल्यावर आई म्हणाली, "दूध त्याइच्या गाईचं होतं. आता तुमच्यावर बहिष्कार कोन टाकते?"

मला तेव्हा हसू आलं होतं. तिनं काय पणाला लावलं, ते आज कळतं. दुसऱ्या दिवशी गुराखी आलाच नाही. आईनं दोन्ही घरची गुरं सोडली आणि पाटलांच्या दारावरून चरायला नेली.