तुमच्याइथी किती वाजले?

"तुमच्याइथी किती वाजले जी?" फोन ठेवण्याआधी भाऊ हे विचारायचेच. मी ऑफिसातल्या सर्व्हरवर पाहून वेळ सांगायचो, ते आपल्या मनगटाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "जमलं." मग खट्कन फोन बंद.

भाऊ मार्कंडा गावाच्या खालच्या अंगाला वैनगंगेचं पाणी मोजायचे. घर मासेमारीचं, पाय कायम ओले. पावसाळ्यात सकाळी बरोबर आठला पात्रात रोवलेली पट्टी वाचायची, चालत गावातल्या एसटीडी बूथवर यायचं आणि आठ दहाला आमच्या ऑफिसात आकडा सांगायचा, हे त्यांचं रोजंदारीचं काम. आकडा मी कॉम्प्युटरात टाकायचो, त्यापुढे वेळ सर्व्हर स्वतःच लिहायचा. त्यावरून खालच्या गावांना पुराची खबर जायची.

ही विचारायची सवय त्यांना कशी लागली, ते सांगतो. त्यात माझी अब्रू जाते, पण जाऊ द्या.

नवा लिनक्स सर्व्हर आला तेव्हा माझी ऐट काय विचारता! भिंतीवरचं घड्याळ, माझ्या हातातलं घड्याळ, दर सोमवारी सगळं मी सर्व्हरवरून लावायचो. त्या श्रावणात आमची संध्याकाळची बस रोज चुकू लागली. "हे लोक वेळेआधीच गाडी हाकलून राह्यले," म्हणत आम्ही बिचाऱ्या ड्रायव्हरला शिव्या घालायचो.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की भाऊंचा आठचा आकडा सर्व्हरवर पावणेआठलाच पडतोय. आठ वाजायच्या आधीच आठचं पाणी? म्हातारा घरी बसून आकडे फेकतोय, असं मी ठरवून टाकलं. कागद छापून मीच साहेबांपुढे ठेवला. साहेब भडकले. "पुराच्या दिवसांत खोटं पाणी? काढून टाका त्याला!"

दुसऱ्या दिवशी भाऊ बस धरून आले. काखेत एक पिशवी होती.

"साहेब, काम काढून घ्या," ते म्हणाले. "पण मी खोटं पाणी सांगतलं म्हणू नोका. माझी पोरगी खालच्याच गावात देल्ली हाये. तिले बुडवीन का मी?"

भाऊंनी पिशवीतून रेडिओ काढला, "याच्यावरूनच मी रोज घड्याळ लावतो" म्हणत टेबलावर ठेवून लावला. टूं, टूं, टूं... दुपारी एकच्या बातम्या सुरू झाल्या. भिंतीवर बारा पस्तीस झाले होते. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मी रेडिओवरून सर्व्हरची वेळ लावली. संध्याकाळपर्यंत ती सेकंदाला सेकंद जुळत राहिली. सकाळी सर्व्हर सुरू केला, तर दीड मिनिट मागे! म्हणजे चालू असताना ठीक, रात्री बंद केला की मागे. डबा उघडला. आत रुपयाएवढा एक सेल होता, अगदी मरायला टेकलेला. बंद सर्व्हरचं घड्याळ त्याच्याच जिवावर चालायचं. चंद्रपूरहून नवा सेल मागवला आणि बसवला.

मी फोनवर भाऊंची माफी मागितली.

"जाऊ द्या बाबू," ते म्हणाले. "रातभर अंधारात एकटंच राह्यते बिचारं. डोळा लागला असन." आणि लगेच, "बरं, आता तुमच्याइथी किती वाजले जी?"

तेव्हापासून रोज. एका भादव्यात पाणी रातोरात चढलं, भाऊंच्या आकड्यावरून खालची गावं वेळेत हलली. त्यांची मुलगी शेळ्यांसकट टेकडीवरच्या शाळेत पोचली. त्या दिवशीही भाऊंनी आधी आकडा सांगितला आणि मग वेळच विचारली. मुलीचं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापाने भाऊ गेले. फार सोन्यासारखा माणूस होता हो. पावसाळा लागला. पहिल्याच दिवशी आठ वाजले तसं माझं लक्ष फोनकडे गेलं, आणि नव्या माणसाचा फोन नकोसा वाटला.

आठ दहाला फोन वाजला. बाईचा आवाज होता. भाऊंची सून; त्यांचं काम आता तिच्याकडे आलं होतं. तिने आकडा सांगितला, मी लिहून घेतला. आता ती फोन ठेवणार, एवढ्यात मला राहवलं नाही.

"बाई, तुमच्याइथी किती वाजले?"

"आठ दहा," ती म्हणाली. "मामाजीचंच घड्याळ हाये, बाबूजी."

मी सर्व्हरकडे पाहिलं.

"जमलं," मी म्हणालो.