पद सुटल्यानंतरचा मुक्काम

माझी मुलगी मध्ययुगीन फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या बेलिफांवर प्रबंध लिहीत आहे. हा शब्द ऐकताच मी विचारले, "म्हणजे जप्तीला येणारा बेलिफ?"

ती हसली. "नाही रे बाबा. हा बिग शॉट. सुभेदार टाइप. केसेसचा निकालही तोच द्यायचा."

मग तिने एक नियम सांगितला. मुदत संपली तरी या अधिकाऱ्याला लगेच निघून जाता येत नसे. काही दिवस त्याच मुलखात थांबायचे, आणि ज्याची तक्रार असेल त्याला सामोरे जायचे.

"आणि तू बघ," ती म्हणाली, "टर्म संपली आणि पळालास."

त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाचे माझे अध्यक्षपद संपले होते, आणि काही महिने तिकडे फिरकायचे नाही असे मी ठरवले होते. कारण एक काकू होत्या. गणपतीच्या कार्यक्रमात पडदा उघडला की दार बंद, हा नियम माझा. तासभर ड्राइव्ह करून आलेल्या काकूंना थोडा उशीर झाला, आणि आत नातीचे नृत्य संपेपर्यंत त्या बंद दाराबाहेर, पार्किंग लॉटच्या कडेला उभ्या राहिल्या. 'नियम सर्वांना सारखा,' असे मी त्यांना हळू आवाजात सांगितले होते. माझा आवाज कधीच चढत नाही. त्यामुळे आपण कठोर होत आहोत हे मला स्वतःलाही ऐकू येत नाही.

पुढच्या रविवारी मी मराठी शाळेच्या हॉलमध्ये चहाच्या टेबलाजवळ जाऊन बसलो.

"काय अध्यक्ष, खुर्ची सुटत नाही वाटतं?" एकाने टोमणा मारला.

"कुणाला काही बोलायचं असेल, म्हणून बसलोय," मी म्हणालो.

काकू आल्याच. "पदावर होतात, म्हणून गप्प बसले. आज ऐकायचं."

"सांगा, काकू."

त्या बोलत राहिल्या. दाराच्या काचेतून फक्त प्रेक्षकांच्या पाठी दिसत होत्या, टाळ्या मात्र ऐकू येत होत्या. नातीने परतताना गाडीत विचारले, आजी, तू का नाही आलीस? नियमाची बाजू माझ्या ओठांवर आली होती. मी ती गिळली. 'माझं चुकलं' म्हणायला तोंड उघडले, तर त्यांनी हातानेच थांबवले.

"एवढ्यात नको. माझं संपलेलं नाही. राहिलेलं पुढच्या रविवारी."

"मी येतो, काकू," मी म्हणालो, आणि या वेळी जरा मोठ्याने.