चटईखालचे न्यायाधीश

एडिनबरात आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरची एक नर्स राहायची. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल, तिचे वडील उन्हाळ्यापुरते लेकीकडे आले. आधी खासदार, मग मंत्री आणि शेवटी जमिनीच्या तंट्यांचे न्यायाधीश! हे कळलं आणि मला राहवेना. आपल्याकडे पुढारी म्हणजे आपल्या माणसाचं काम करून देणारा. तो खुर्ची बदलली म्हणून बदलतो थोडाच? पोह्यांची डिश घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "अंकल, निवडणुकीत तुमच्यासाठी राबलेला माणूसच कोर्टात समोर आला तर हो?"

विचारण्यात माझा स्वार्थ होता. मंडळाच्या गणपतीतलं नाटक मी बसवत होते. पुण्याहून माझ्याबरोबरच इथे आलेल्या मैत्रिणीला मी चहा पिता पिता सांगून बसले होते, "मेन रोल तुझाच." मग वाचन झालं आणि दुसरीच मुलगी इतकं सुंदर वाचून गेली, की मी तिला घेतलं. चार महिने मैत्रीण फोन उचलत नव्हती. या परक्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस. पण मी का नमू? निवड चोख होती!

"आलाच होता," अंकल म्हणाले. "आणि हरला."

"अहो, मग तुम्ही बाजूला का नाही झालात?"

"देश एवढासा. बाजूला होत बसलो तर खुर्चीत बसणार कोण?" ते हसले. मग म्हणाले, "निकालानंतर पहाटे त्याच्या दारात जाऊन बसलो. डोक्यावरून चटई ओढून."

"चटई? ती कशाला?" मी विचारलं. त्यांनी समजावलं, की त्यांच्या देशात कुणाचा अपराध केला तर त्याच्या दारात असंच बसतात, बारीक विणीची, घरातली सगळ्यात मोलाची चटई घेऊन. घरच्यांनी ती उचलली तर माफी मिळाली.

"पण म्हणजे निकाल चुकला होता?"

"छे! आजही तोच देईन. पण मतं मागताना मी त्याला ती जमीन मिळवून द्यायचा शब्द दिला होता. माझ्या हातात नसलेल्या गोष्टीचा. माफी त्याची."

"अहो, पण न्यायाधीश माणूस, सगळ्या गावासमोर?"

"न्यायाधीश कोर्टात. त्याच्या दारात मी शब्द मोडलेला माणूस." दुपारी कधीतरी त्याने चटई उचलली, म्हणाले, आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचून खायला लागले.

मला मेलीला इतकी लाज वाटली! चार महिने मी निवडीचंच समर्थन घोकत होते, शब्दाचं नावच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून तडक तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"निवड बरोबर होती," मी म्हटलं, "पण तुला आधीच शब्द दिला, ते माझं चुकलं. माफ कर."

 तिने साखळी काढली.

"अगं, एवढं तेव्हाच म्हणाली असतीस, तर मी प्रॉम्प्टिंगलासुद्धा बसले असते."